ताईंचे वाढलेले तीन किलो

मी काटा बोलतोय. घड्याळाचा नव्हे, गुलाबाचाही नव्हे. बेकरीच्या मागच्या दाराशी भिंतीला पाठ लावून उभा असलेला वजनाचा काटा. खाली दोन माणसं दाटीवाटीनं मावतील एवढा लोखंडी पत्रा, त्याच्या मागे छातीइतका उंच खांब, खांबावर आडवी पट्टी आणि पट्टीवर पुढेमागे सरकणारं पितळी वजन. पट्टी मधोमध तरंगली की आकडा वाचायचा. एवढंच माझं शिक्षण, आणि एवढ्यावरच मी जन्म काढला.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा एका चष्मेवाल्या तपासनिसानं माझ्यावर मोजलेली वजनं ठेवून पाहिली आणि पट्टीच्या टोकाला शिक्का मारला. तो शिक्का म्हणजे माझी शपथ. खोटं बोलणार नाही, अशी.

पहिली चाकरी कोळशाच्या वखारीत झाली. वखारवाला गिऱ्हाइकाशी गोड बोलत बोलत पायाचा अंगठा हळूच माझ्या पत्र्यावर टेकवायचा. मी खरंच सांगत होतो, खोटं त्याचा अंगठा बोलत होता. पण बोल मात्र मला लागायचा. पुढे वखार बंद पडली आणि मी दोन वर्षं पत्र्याच्या शेडखाली गंज खात पडलो. कोंबड्या माझ्यावर झोपायच्या. तिथून मला एका बेकरीवाल्यानं उचललं, रॉकेलनं घासूनपुसून लख्ख केलं आणि मैद्याची पोती मोजायला आणून उभं केलं. काळ्या धंद्यातून पांढऱ्या धंद्यात आलो म्हणा ना.

पोती मोजायला आणलं खरं, पण माणसांना माझ्यावर चढल्याशिवाय राहवत नाही. पाव घ्यायला आलेला माणूससुद्धा आत डोकावून म्हणतो, “जरा बघू का?” मग चपला काढतो. खिशातल्या किल्ल्या काढतो. शेवटी पोट आत घेऊन श्वास रोखतो. श्वास रोखून वजन कमी होत नाही, हे मला कधी कुणाला सांगता आलं नाही.

जुना बेकरीवाला गेला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. कामगार त्याला ‘भाऊ’ म्हणायचे, गिऱ्हाइकं ‘भाऊ’ म्हणायची, म्हणून मीही भाऊच म्हणतो. त्याला दुसऱ्या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं. त्याची थोरली बहीण, आमच्या ताई. त्या त्याला ‘ठोंब्या’ म्हणायच्या. सेहेचाळीस वर्षांचा, चार माणसांना कामाला लावणारा, मिशीवाला माणूस, पण दारातून “ठोंब्या, आहेस का रे?” ऐकू आलं की कणकेचे हात घेऊन धावत यायचा.

भाऊ म्हणजे चौऱ्याण्णव किलोचा ऐवज. खाण्याचा शौकीन असं म्हणता येणार नाही, कारण तो जेवायला बसायचाच कुठे? केकच्या कडा कापल्या की त्या तोंडात. बिस्किटांचा ट्रे भट्टीतून आला की दोन चवीला. भट्टीजवळ घाम येतो म्हणून दिवसातून तीन वेळा बाटलीतलं गोड थंड पेय. चहात साखर अशी की चमचा उभा राहावा. पहाटे आला की संध्याकाळपर्यंत गल्ल्याशेजारच्या स्टुलावर. पोती उचलायला हमाल, पाव पोचवायला गाडी. वहिनी, म्हणजे त्याची बायको, कधी बोललीच तर पोटावर हात फिरवून म्हणायचा, “बेकरीवाला काटकुळा असला तर पाव कोण घेईल?”

ताईंचं सगळंच वेगळं. त्या शाळेच्या ग्रंथालयात काम करायच्या. कपाटं, शिड्या, पुस्तकांची धूळ. आठवड्यातून एकदा, दर गुरुवारी, शाळा सुटली की बेकरीत यायच्या, पोत्यावर बसून भावाशी गप्पा मारायच्या आणि जाताजाता माझ्यावर उभ्या राहायच्या. चोपन्न किलो. वीस वर्षं चोपन्न किलो. त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

पण मी लोखंडाचा असलो तरी पाय ओळखतो. एकेचाळिसाव्या वर्षी त्यांचं एक मोठं ऑपरेशन झालं. गाठी होत्या, म्हणून गर्भपिशवी आणि अंडाशय दोन्ही काढावी लागली. शरीरातले जे रस पन्नाशीपर्यंत बाईची पाठराखण करतात, ते एका सकाळीत आटले. त्यानंतर माझा आकडा तोच राहिला, पण माझ्यावर उभं राहणारं माणूस बदलत गेलं. दंड बारीक झाले, पोटऱ्या वाळल्या, आणि कमरेभोवती तेवढंच वजन जाऊन बसलं. चोपन्न म्हणजे चोपन्नच. मी तरी काय सांगणार? मग थायरॉइडची गोळी सुरू झाली. मग पंचेचाळिशीत साखर निघाली.

त्याच सुमाराला पित्ताशयात खडे आहेत का हे बघायला त्यांची सोनोग्राफी झाली. खडे नव्हते. रिपोर्टच्या खालच्या ओळीत एवढंच होतं की यकृतात थोडी चरबी आहे. ताईंनी तो कागद इथं बेकरीत वाचून दाखवला होता.

“चरबी? आणि माझ्यात?”

भाऊ एवढा हसला की हातातला ट्रे हिंदकळला. “ताई, रिपोर्ट बदलला असेल. तो माझा असणार!”

भट्टी सांभाळणारे आमचे जुने कामगार, भट्टीवाले काकाही हसले. तिथल्या डॉक्टरांनी म्हणे सांगितलं होतं, साखर सांभाळा, रोज चाला, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. पण दुखत काहीच नव्हतं. आणि जिथं दुखत नाही तिथं माणूस हात लावत नाही. सहा महिन्यांची नऊ वर्षं झाली.

एका गुरुवारी ताई आल्या आणि पोत्यावर बसल्या. दारातून तिरपं ऊन येत होतं. भाऊ त्यांच्या हातात चहाचा कप द्यायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

“ताई, डोळे बघू. इकडे बघ, उजेडात.”

“अरे, झोप नाही होत. रात्रभर अंगाला खाज सुटते.”

“पिवळे झालेत तुझे डोळे.”

त्या दिवशी त्या माझ्यावर उभ्या राहिल्याच नाहीत. भाऊनं शर्टावरचा मैदासुद्धा झटकला नाही, तसाच त्यांना घेऊन गेला.

नंतर जे कळलं ते मला गल्ल्यापाशी चाललेल्या बोलण्यातून कळलं. यकृत आक्रसलंय, कडक झालंय, आता औषधानं पूर्ववत व्हायचं नाही. कुणाच्या तरी यकृताचा तुकडा मिळाला तरच. ताईंचे यजमान हृदयाचे रोगी, त्यांचं घेता येणार नव्हतं. एकुलती एक मुलगी, विशीतली, कॉलेजात शिकणारी, ती लगेच तयार झाली. पण ताईंनी निक्षून सांगितलं, “पोरीच्या अंगाला सुरी लावायची नाही. माझ्या जिवासाठी तर मुळीच नाही.”

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. रोज सकाळी पाव नेणारे एक निवृत्त गृहस्थ होते. गल्ल्यावर कोपर टेकवून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “भाऊ, राग मानू नका. पण… घेत होत्या का हो?”

भाऊला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले.

“काका, माझ्या बहिणीनं जन्मात खोकल्याच्या औषधाशिवाय दुसरी बाटली उघडलेली नाही.”

“तसं नव्हे, यकृत म्हटलं की आपलं…”

“पाव घ्या आणि निघा.”

ते निघाले. पण तेच विचारणारे आणखी येत राहिले, कुणी तोंडानं, कुणी नुसत्या नजरेनं. ताई शाळेतल्या बायकांना तोंड दाखवायला कचरू लागल्या. दुखण्यापेक्षा ते दुखणं त्यांना जास्त लागलं असावं.

भाऊचा रक्तगट जुळत होता. “मी देतो,” तो म्हणाला, जसं कुणी छत्री द्यावी. “माझं यकृत तर चांगलं पाच माणसांना पुरेल.” तपासण्यांना गेला तेव्हा नवा शर्ट घालून गेला होता. दुपारी परत आला तो सरळ मागच्या दाराशी येऊन पोत्यांवर बसला. वहिनी मागोमाग आली.

“काय झालं? बोला तरी.”

“देणारा म्हणून गेलो, पेशंट होऊन आलो,” भाऊ म्हणाला.

त्याच्या यकृताचा तिसरा हिस्सा चरबीनं भरला होता. तसलं यकृत कापून दुसऱ्याला दिलं तर घेणाऱ्यालाही लागत नाही आणि देणाऱ्याचंही उरत नाही, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. भाऊनं विचारलं होतं, मी दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, मग हे कुठून आलं?

“काय म्हणाल्या त्या?” वहिनीनं विचारलं.

“म्हणाल्या, तुमची बेकरी आहे ना? समजा रोज वीस पोती मैदा येतोय आणि वापर बारा पोत्यांचाच आहे. उरलेल्याचं काय कराल? मी म्हटलं, कोठीत रचू. म्हणाल्या, कोठी भरली तर? मी म्हटलं, जिन्यात, मोरीत, जागा मिळेल तिथं. त्या म्हणाल्या, तेच केलंय तुमच्या शरीरानं. गोड पेय, साखर, केकच्या कडा, आणि दिवसभर स्टूल. रक्तातली साखर आत घ्या म्हणून जो रस, ते इन्सुलिन, सारखा दार वाजवतो, त्याला आता कुणी दाद देत नाही. मग यकृत त्या साखरेची चरबी करतं आणि स्वतःच्याच घरात रचून ठेवतं.”

“आणि ताईंचं?”

“तेच. फक्त ताईची कोठीच लहान होती. वर तिच्या ऑपरेशननं आतले रस बंद झाले, थायरॉइड, साखर… बाहेरून दिसलं नाही इतकंच.” मग तो म्हणाला, “आम्ही हसलो होतो गं तेव्हा. मी सगळ्यात जास्त हसलो होतो.”

वहिनी त्याच्याशेजारी बसली. “यावर उपाय काही सांगितला की नाही?”

सांगितला होता. यकृतासारखा मोठ्या मनाचा अवयव नाही, वेळीच वागणूक सुधारली तर ते झालं गेलं विसरतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ताईंची तब्येत सध्या औषधांवर स्थिर होती. तीन महिने. तेवढ्यात भाऊच्या यकृतातली चरबी दहा टक्क्यांच्या खाली आली, तर तो देऊ शकत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊ अनवाणी माझ्यावर उभा राहिला. चौऱ्याण्णव किलो दोनशे. श्वास रोखला नाही, किल्ल्या काढल्या नाहीत. त्यानं आकडा खडूनं भिंतीवर लिहिला.

आणि मग त्यानं मूर्खपणा केला. जेवणच सोडलं. सकाळी बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी काकडी. पाचव्या दिवशी चौऱ्याण्णवचे नव्वद झाले तसा त्याला हुरूप आला. सहाव्या दिवशी पोतं ओढायला गेला आणि माझ्या पत्र्यावरच कोसळला. भट्टीवाल्या काकांनी तोंडावर पाणी मारलं. वहिनी त्याला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या आहारतज्ज्ञ पोरीनं, वयानं त्याच्या भाचीएवढी असेल, त्याला शाळेतल्या मुलासारखं झापलं. उपाशी राहून वजन धाडकन उतरवलं तर यकृत उलट जास्त चिडतं. पोटभर जेवायचं, पण डाळी, अंडी, भाज्या. साखर आणि गोड पेय पूर्ण बंद. मैदा हद्दपार. रोज पाऊण तास दम लागेल असं चालायचं.

“बेकरीवाल्याला मैदा बंद!” भट्टीवाले काका म्हणाले. “माशाला सांगा पाणी बंद.”

भाऊ हसला नाही. त्यानं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं.

त्या तीन महिन्यांसारखे दिवस मी माझ्या आयुष्यात पाहिले नाहीत. पहाटे कणीक भट्टीत गेली की भाऊ चालायला बाहेर पडायचा. हमालाला सुट्टी न देता त्याच्याबरोबर निम्मी पोती स्वतः उचलायचा. केकच्या कडा कापल्या की हात मागे बांधून उभा राहायचा. एकदा मी पाहिलं, त्यानं ताज्या बनपावाचा वास घेण्यासाठी ट्रेवर तोंड नेलं आणि बराच वेळ डोळे मिटून तसाच राहिला. मग वहिनीला हाक मारून म्हणाला, “हा ट्रे आधी बाहेर ने.” एका दुपारी त्यानं गुपचूप अर्धं पाकीट बिस्किटं खाल्लीही. दुसऱ्या दिवशी आकड्यात काही फरक पडला नव्हता, पण त्यानं भिंतीवर आकड्यापुढे खडूनं एक फुली मारून ठेवली. स्वतःशी एवढा प्रामाणिक माणूस मी वखारीत कधी पाहिला नव्हता.

अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. पुढे आठवडाभर काहीच नाही. मग शहाऐंशी.

ताई गुरुवारी यायच्या. आता मुलगी सोबत असायची, कारण जिना चढताना त्यांना धाप लागायची. डॉक्टरांनी त्यांनाही रोज वजन करायला सांगितलं होतं. घरात काटा नव्हता, म्हणून गुरुवारी त्या माझ्यावरच उभ्या राहायच्या. चोपन्नावरून त्या बावन्नवर आल्या होत्या. हाडं मोजता येतील अशा. भाऊ आकडा वाचायचा आणि पितळी वजन मागे सारायचा.

सातव्या आठवड्यात मी साडेत्रेपन्न दाखवले.

“ताई! दीड किलोनं वाढलीस!”

“बघ,” त्या म्हणाल्या आणि हसल्या.

पुढच्या गुरुवारी पंचावन्न. बावन्नचे पंचावन्न! भाऊनं पट्टी दोनदा तपासली, पितळी वजन मागे नेऊन पुन्हा आणलं. आकडा तोच. मग त्याला राहवेना. भट्टीवाल्या काकांना, पाव न्यायला आलेल्या बाईला, सगळ्यांना सांगत सुटला. “ताई अंगानं भरतेय. तीन किलो! औषध लागू पडतंय!” कितीतरी दिवसांनी तो मोठ्यानं हसत होता. मलाही, खरं सांगतो, माझ्या शिक्क्याचा अभिमान वाटला. कधी नव्हे ते मी कुणाला चांगली बातमी दिली होती.

वहिनी आतून आली. तिनं ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. चपलेच्या पट्ट्याचा वळ पायात खोल रुतला होता. ती खाली बसली, ताईंच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला. तो भरून यायला बराच वेळ लागला.

“हे मांस नाही,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “पाणी आहे.”

भाऊचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, आतून मात्र ते केव्हाच गेलं होतं.

“ताई, तुला माहीत होतं?”

ताईंनी पदर पोटावर ओढून घेतला. “डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवसांत किलोभर वाढलं तर लगेच कळवा.”

“मग गेल्या गुरुवारी का नाही बोललीस? आठ दिवस झाले!”

“तू इतका खूश झालास ठोंब्या,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, होऊ दे थोडे दिवस. माझ्यामुळे तुला हसताना बघितलंच नव्हतं रे किती दिवसांत.”

त्याच संध्याकाळी त्यांच्या पोटातून सुईनं पाच लिटर पाणी काढलं. माझे तीन किलो कुठल्या कुठे गेले.

मी खोटं बोललो नव्हतो. एक ग्रॅमही इकडचा तिकडे केला नव्हता. आणि तरीही माझ्या खऱ्या आकड्यानं आठ दिवस वाया घालवले. वखारवाल्याचा अंगठासुद्धा मला कधी एवढा जड वाटला नव्हता.

तेव्हापासून भाऊनं ताईंना माझ्यावर उभं केलं नाही. त्यांच्यासाठी घरी वेगळा काटा नेऊन दिला आणि भाचीला रोज सकाळी फोन करून आकडा कळवायला सांगितलं. स्वतः मात्र माझ्यावर उभा राहत राहिला. त्र्याऐंशी. ब्याऐंशी. शर्ट ढगळ झाले. मिशीखालचा चेहरा लांबट निघाला, तो त्याच्या वडिलांचा होता हे तोवर मला माहीत नव्हतं. बाराव्या आठवड्याला एक्याऐंशी किलो भरले आणि तो स्कॅन करायला गेला.

परत आला तो पळत. गल्ल्यावरच्या माणसांना ओलांडून आत आला आणि वहिनीपुढे कागद धरला.

“आठ टक्के. आठ! चालणार आहे माझं!”

वहिनी रडली. भट्टीवाले काका भट्टीचं दार उघडं टाकून आले आणि त्यांनी भाऊच्या पाठीत असा रट्टा घातला की मैद्याचा ढग उडाला. ऑपरेशनची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली.

त्याआधीच, सहाव्या दिवशी सकाळी, भाचीचा फोन आला. आईला थंडी वाजून ताप आलाय, बोलतेय ते कळत नाही.

पोटातल्या पाण्यात जंतू शिरले होते. मग मूत्रपिंडं दमली. भाऊ दवाखान्यातच राहिला. बेकरी भट्टीवाल्या काकांनी चालवली. वहिनी मधूनच येऊन डबा घेऊन जायची आणि कुणी विचारलं तर मान हलवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या संसर्गात ऑपरेशन टेबलवर घेता येणार नाही. आधी हे आटोक्यात येऊ दे.

ते आटोक्यात आलं नाही. ज्या दिवशी ऑपरेशन व्हायचं होतं, त्याच्या आदल्या दुपारी ताई गेल्या.

अकरा दिवस भाऊ बेकरीत आला नाही. बाराव्या दिवशी आला तो भर दुपारी, दुकान मिटायच्या वेळेला. हातात गोड पेयाची बाटली होती. माझ्या पत्र्यावर तो उभा राहिला नाही, बसला. माझी पट्टी टण्णकन वर आदळली. त्यानं झाकण उघडलं आणि अर्धी बाटली एका दमात प्यायला. भट्टीवाले काका समोर राख ओढत होते. त्यांनी पाहिलं आणि राख ओढत राहिले.

“काका,” भाऊ म्हणाला, “ते आठ दिवस आधी कळलं असतं तर?”

“डॉक्टर काय म्हणाल्या?”

“त्या म्हणतात, त्याचा काही संबंध नाही. पाणी पुन्हा भरतच असतं, जंतू कधीही शिरतात.”

“मग?”

“मग काय. त्या म्हणतात.” त्यानं बाटली खाली ठेवली. “शेवटच्या दिवशी सकाळी ती तासभर शुद्धीवर होती. मला म्हणाली, तुझा तो कागद काय आला होता रे? मी म्हटलं, आठ टक्के. म्हणाली, म्हणजे मला चालणारं होतं ना? मी म्हटलं, हो. तर म्हणाली…” काकांनी राख ओढायचं थांबवलं. “म्हणाली, मग ते माझंच झालं. माझ्यासाठी केलंस, म्हणजे माझं. तुझ्याकडे राहू दे. नीट सांभाळ.”

भट्टी विझत आली होती. भाऊ माझ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. त्याच्या हुंदक्यांनी माझी पट्टी खालीवर होत होती. त्या दिवशी त्याचं वजन किती होतं, हे मला सांगता यायचं नाही. माझी पट्टी स्थिरच झाली नाही.

उरलेली अर्धी बाटली कुणी ओतली मला ठाऊक नाही. काकांनी असावी. दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊ चालायला गेला. तिसऱ्या दिवशी गेला नाही. चौथ्या दिवशी गेला. असंच चाललं, कधी आहे कधी नाही, पण स्टूल माळ्यावरून खाली आलं नाही.

सहा-सात महिन्यांनी भाची आली. आईसारखीच सडपातळ, आईसारखीच घाईघाईनं बोलणारी. ती मामीला आत घेऊन गेली आणि बराच वेळ हलक्या आवाजात काहीतरी सांगत राहिली. चार महिने पाळी आली नव्हती. हनुवटीवर केस येत होते. मैत्रिणी म्हणत होत्या, परीक्षेचं टेन्शन असेल. ती हे मामाला सांगायला लाजत होती, पण वहिनीनं सरळ बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. लपवाछपवीचे दिवस त्या घरानं पुरेसे पाहिले होते.

भाची चटकन माझ्यावर चढली. “मामा, तुम्ही उगीच घाबरता. हे बघा ना. बावन्न किलो! मी काय जाड आहे का?”

भाऊनं आकडा पाहिलासुद्धा नाही. त्यानं हात पुढे करून पितळी वजन सरळ शून्यावर आणून ठेवलं.

“उतर खाली,” तो म्हणाला. “याला काही कळत नाही. चल, रक्त तपासू. सोनोग्राफीही करू. आजच.”

“आज? मामा, माझा क्लास आहे.”

“आजच.”

आयुष्यभर मला कुणी खोटा म्हटलं असतं तर माझा शिक्का तडकला असता. पण त्या दिवशी दोघं दारातून बाहेर पडली, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, जणू माझ्यावर कधी पोतंच ठेवलं नव्हतं.

तपासणीत निघालं ते एवढं : अंडाशयांचं चक्र बिघडलंय, साखर काठावर आहे, आणि यकृतात चरबीची सुरुवात आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही तिन्ही एकाच घरातली भांडणं आहेत आणि वयही हातात आहे. भाऊ घाबरला नाही. आनंदलाही नाही. त्यानं फक्त विचारलं, “पुन्हा कधी आणू?” आणि जी तारीख सांगितली त्या तारखेला तिला घेऊन गेला. त्यानंतरच्या तारखेलाही. पहाटे आता मामा-भाची दोघं चालायला जातात. ती पुढे, तो मागून हाका मारत.

बेकरीत नवा काटा आलाय. लाल आकडे लुकलुकतात, पोतं ठेवलं की लगेच बोलतो. पट्टी तोलून धरणाऱ्या माझ्या आतल्या धारा झिजल्यात, पट्टीच्या खाचांत मैदा गच्च बसलाय, मी शंभर-दोनशे ग्रॅम कमी सांगतो असं हमाल म्हणतो. भंगारवाला दोनदा येऊन माझ्याकडे बघून गेला. भाऊनं त्याला नको म्हटलं, का ते सांगितलं नाही. भाऊ माझ्यावर क्वचितच उभा राहतो. पाव न्यायला आलेली माणसं अजून राहतात, चपला काढतात, श्वास रोखतात.

त्यांना मी एवढंच सांगू इच्छितो. बाबांनो, आयांनो, माझ्यावर जरूर उभे राहा. पण माझ्याकडून बातमी घेऊन समाधानानं घरी जाऊ नका. बारीक आहात म्हणून निर्धास्त राहू नका, जाड आहात म्हणून तोंड लपवू नका. आणि कुणी आजारी पडलं की “घेत होता का?” असं तर कुणालाच विचारू नका. उजव्या बरगड्यांच्या आड एक जण दिवसरात्र राबतोय. तुम्ही जे द्याल ते घेतो, उरलेलं स्वतःच्या घरात रचतो आणि दुखलं तरी सांगत नाही. मी निदान करकरतो तरी. त्याला तेवढंही जमत नाही. जाऊन त्याची एकदा चौकशी करा.